व्हरांडा वाळेपर्यंत

लाकडाला दिलेला तेलरंग वाळायला किती वेळ लागतो, या विषयावर अख्ख्या चांदा जिल्ह्यात माझ्याइतका जाणकार माणूस सापडणार नाही! उगाच बढाई मारत नाही. नागपूरच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकलो, आणि ते शिकून जंगलखात्यात हेडक्लार्क झालो. बाहेर सागाची झाडं आणि आत सागाच्या टेबलामागे मी. आम्ही दोघेही तोडल्याशिवाय जागचे हलत नाही.

मला मात्र हलायची फार गरज होती. आमचं ठाणं आलापल्लीच्याही आत. इथे पावसाळ्यात हिवताप येतो तो पाहुण्यासारखा नव्हे, जावयासारखा! दर वर्षी, हक्काने, आणि मुक्काम लांबवून. त्याचा सगळ्यात जास्त लोभ माझ्या बायकोवर, इंदुताईवर. गेल्या पावसाळ्यात तिला इतका ताप चढला की तिने मला ओळखलं नाही. उतरल्यावर मी तसं म्हटलं, तर म्हणाली, "ओळखून तरी काय मोठं केलं असतं?" मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "पुढचा पावसाळा मी इथे काढणार नाही. चांद्याला घेऊन चला, नाहीतर मी आपली कशीही जाईन." हे 'कशीही' मला फार लागलं.

म्हणून चांद्याला बदली हवी होती. बदली मोठ्या साहेबांच्या हातात. आणि मोठे साहेब जानेवारीत दौऱ्यावर येणार होते. आम्ही नुकतेच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो होतो. म्हणजे आम्ही कुठेच गेलो नव्हतो, साहेब तेवढे बदलले होते. हे नवे साहेब पुण्याकडचे.

आमच्या खात्यात रिवाज असा, की कामाचं बोलणं कचेरीत आणि मनातलं बोलणं डाकबंगल्याच्या व्हरांड्यात. दुपारचं जेवण झालेलं, साहेब आरामखुर्चीत, हाती चहा. त्या घटकेला जो चपला पायरीखाली काढून वर जाईल, त्याचं काम झालं म्हणून समजा!

आता व्हरांडा साहेबांच्या नजरेत भरेल असा हवा. होता मात्र पांढराफटक. सागवानी फळ्यांचा, उंच खांबांवरचा, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून पायऱ्यांकडे ढाळ दिलेला. मी ठरवलं, याला तेलरंग द्यायचा! जवसाचं तेल कढवायचं, त्यात हिरमंजीची तांबडी माती आणि काजळी घोटायची. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू शोषून कडक होतं. हे आमच्या प्रोफेसरांनी शिकवलं होतं आणि त्या दिवशी मी जागाही होतो. चांद्याहून तेलाचं पिंप मागवलं आणि डाकबंगल्याचा चौकीदार मुखरू याच्या हवाली केलं. रंग द्यायला जलालुद्दीन मिस्त्री.

"मिस्त्री, हे वाळेल ना वेळेवर?" मी विचारलं.

"बाबूजी, लगाना हमारा काम. सुखाना अल्लामियाँ का काम!" असं म्हणून त्याने घमेल्याखाली जाळ घातला. तेल थंडीने तुपासारखं गोठलं होतं.

"जवस का तेल जमता है क्या?" त्याने विचारलं.

"कढवल्यावर घट्ट होतंच," मी म्हणालो. शिकलेल्या माणसाकडे उत्तर नेहमी तयार असतं, ही शिक्षणाची मोठी हानी आहे.

रंग लागला. व्हरांडा पिकलेल्या जांभळासारखा दिसू लागला. पण वाळेना! दुपारी पाहावं तर ओला. संध्याकाळी पाहावं तर चिकट. त्यात येणारा-जाणारा प्रत्येक जण अंगठा लावून पाही. फॉरेस्ट गार्डांनी अंगठे लावले, पोस्टमनने लावला, लाकडाच्या ठेकेदाराने लावला. जमिनीच्या खरेदीखतावर नसतील इतके अंगठे त्या फळ्यांवर उमटले!

"काऊन बाबूजी, अजून ओलंच हाये?" मुखरू रोज विचारी.

"थांब रे. प्राणवायू शोषून राहिलंय ते."

"शोषू द्या. मले काय! मी मागच्या दारानं ये-जा करून राह्यलो."

साहेबांचा दिवस जवळ आला तसा माझा धीर सुटला. मी व्हरांडाभर शेगड्या पेटवून ठेवल्या. त्यासरशी व्हरांडा असा पाझरू लागला की जणू फळ्यांना घाम फुटला! शेगड्या काढल्या, कपाळाला हात लावला आणि घरी जाऊन पडलो. इंदुताईने विचारलं, "वाळलं?" मी पांघरूण डोक्यावरून घेतलं.

आणि सकाळी चमत्कार! कडाक्याची थंडी पडलेली, दात वाजत होते, आणि व्हरांडा वाळलेला! टणक, गुळगुळीत, आरशासारखा! मी चपला घालून चाललो, टाचा आपटल्या, मुखरूला उड्या मारायला लावल्या. काही नाही! त्या क्षणी मला नवा शोध लागला, की जवसाचं तेल उन्हाने नव्हे, थंडीने वाळतं. आमच्या प्रोफेसरांना पत्र लिहावं असंही मनात आलं.

तेवढ्यात साहेबांची जीप आली.

साहेब पायऱ्या चढले आणि थबकले. "वा! काय फिनिश आहे हो! कोणी केलं?"

"मीच, साहेब. हे थंडीत वाळवावं लागतं. लोकांना माहीत नसतं."

"असं? इंटरेस्टिंग." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. वरची माणसं खालच्या माणसाकडे सहसा पाहत नाहीत, तसं पाहिलं! मी मनातल्या मनात चांद्याला भाड्याचं घरही बघून टाकलं.

जेवण आत झालं. मुखरूची बायको सोमारी स्वयंपाकाला होती. तिने लाखोरीच्या डाळीचे वडे केले होते. साहेब बोलत नव्हते, फक्त ताट पुढे करत होते.

जेवून ते व्हरांड्यात आले. आरामखुर्चीत बसले. व्हरांड्याचं तोंड पश्चिमेला. ऊन तिरपं होऊन छान आत आलं होतं. मुखरूने चहा दिला. मी चपला पायरीखाली काढल्या, वर गेलो आणि हात जोडले.

"साहेब, एक विनंती होती."

"बोला ना."

तळपायांना काहीतरी कोमट लागलं. मी दुर्लक्ष केलं. "माझी पत्नी हिवतापाने फार—"

आणि साहेबांची खुर्ची हलली. हलली म्हणजे पायऱ्यांच्या दिशेने, अगदी हळू, बैलबंडी निघावी तशी निघाली.

साहेबांनी डोळे मिटून उघडले. "मला जरा चक्कर आल्यासारखं वाटतंय."

"वडे जास्त झाले असतील, साहेब," मी म्हणालो. काय करणार! आयुष्यात एकदाच मिळणारी घटका, ती मी खुर्ची सरकते म्हणून सोडू? मी हात जोडलेलेच ठेवून खुर्चीच्या बाजूने चालू लागलो. "तर साहेब, पत्नीचा ताप—"

"तुम्ही चालताय का?"

"थोडं चालतोय, साहेब. आणि गेल्या पावसाळ्यात तर तिने मला—"

"मुखरू!" साहेब ओरडले. "धर!"

मुखरू धावला. त्याने धावायला नको होतं. दुसऱ्याच पावलाला त्याचे दोन्ही पाय वर गेले आणि तो उताणा घसरत येऊन खुर्चीवर आदळला. मी खुर्ची धरायला गेलो तर खुर्चीनेच मला धरलं. मग साहेब, खुर्ची, चहा, मुखरू आणि माझी विनंती, असे सगळे पायऱ्यांवरून खाली झेंडूच्या वाफ्यात गेलो!

साहेब उठून बसले. खाकी पँट जांभळी झाली होती. त्यांनी हाताचा वास घेतला. "हे कोणतं तेल आहे?"

"जवसाचं, साहेब," मी ठामपणे म्हणालो.

"जवसाचं कुठी?" सोमारी दारात उभी होती. "ते त टोरीचं हाये!"

टोरी म्हणजे मोहाची बी. तिचं तेल इकडे दिव्यात घालतात. थंडीत ते गोठतं आणि उन्हात वितळतं. वाळत मात्र कधीच नाही!

"टोरीचं?" माझा आवाज चिरकला. "आणि मी आणलेलं पिंप?"

"ते घरात ठेवलं मी. जवसाचं तेल खाचं तेल हाये, बाबूजी! इथी माणसाईले खाले भेटत नाई, अन् तुमी जमिनीले पाजून राह्यले होते! मले पाहवलं नाई. म्हनून बदलून देलं."

"सोमारे, गप!" मुखरू झेंडूतून कळवळला.

"काऊन गप? चोरी केली का मी? साहेबाले वडे त्याच तेलाचे चारले ना!"

मला सोमारीची दया आली. बिचारीची भाकरी आता जाणार! मी मनातल्या मनात तिच्या बाजूने दोन चांगली वाक्यं जुळवलीसुद्धा.

"ते वडे," साहेब सावकाश म्हणाले, "जवसाच्या तेलातले होते?"

"हो त."

"मी असे वडे जन्मात खाल्ले नाहीत." साहेबांनी हनुवटीवरून झेंडूची एक पाकळी काढली. "चांद्याच्या बंगल्यावर आमचा स्वयंपाकी जेवण करत नाही, सूड घेतो. चौकीदार, तुम्ही दोघं पुढच्या आठवड्यात तिकडे या. हुकूम काढतो."

मुखरू झेंडूत बसल्या बसल्याच सलाम करू लागला.

मी घसा खाकरला. "साहेब, माझं ते..."

साहेबांनी व्हरांड्याकडे पाहिलं. उन्हात तो सुंदर चमकत होता. "हा व्हरांडा वाळला," ते म्हणाले, "की मला कळवा. मग तुमच्या बदलीचं बघू. तोवर इथे तुमच्यासारखा जाणकार माणूस हवा."

आठवड्याने खात्याचा ट्रक मुखरूच्या दारात उभा राहिला. खाट चढली, मडकी चढली, कोंबड्या चढल्या, जवसाच्या तेलाचं अर्धं पिंप चढलं. सोमारी पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. मुखरूने मागून हात जोडले. "येतो बाबूजी! चांद्याले आले का घरी याच बरं! वडे खाले!"

मी हात हलवला. इंदुताई शाल गुंडाळून दारात उभी होती. ट्रकची धूळ खाली बसेपर्यंत ती रस्त्याकडे पाहत राहिली.

मग आत वळताना म्हणाली, "चला. निदान चौकीदाराच्या बायकोला तरी यंदा ताप येणार नाही."