मुकादमाचे मूग

सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि त्यांचा पोपट आठ दिवसांसाठी आमच्याकडे आला. त्याचं नाव मुकादम. स्वतः काडीचं काम करत नाही, पण दुसऱ्याचं काम मान वाकडी करून बघतो आणि अधूनमधून खेकसतो. सासूबाई गेल्यापासून सासऱ्यांना घरात बोलायला तेवढा एकच जीव. निघताना त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "जावईबापू, माझा गुडघा डॉक्टर बघतील. मुकादमाला तुम्ही बघा." (कोणी असा हात धरला की माणूस नको ते कबूल करतो.)

"नुसता कोरडा दाणा नाही घालणार," मी म्हणालो. "रोज ताजे मोड काढून घालीन."

बायको सामान भरता भरता थांबली. "तुम्ही?"

"त्यात काय एवढं? मूग भिजवायचे. पुढचं सगळं मूगच करतात. आपण फक्त वाट बघायची."

"नुसती वाट बघितली की बुरशी येते."

मग तिने मला धडा दिला. मूग खायचे घ्यायचे, पेरणीचे नाहीत, त्यांना औषध चोळलेलं असतं. बरणीच्या तोंडाला फडकं. सकाळ-संध्याकाळ धुवायचं, पाणी पार निथळायचं. चिकट लागलं किंवा वास आला, तर पोपटाला नाही, कचऱ्याला. एवढं सांगून तिने फ्रिजवर तक्ता चिकटवला. सात दिवस, चौदा रकाने. "धुतलं की सही करायची," ती म्हणाली आणि वडिलांना घेऊन रविवारी परगावच्या हॉस्पिटलात गेली.

आता माझ्या ऑफिसबद्दल सांगायला हवं. बावीस वर्षं मी जुन्या कागदपत्रांच्या विभागात आहे. तिथे एक रजिस्टर आहे. रोज संध्याकाळी खिडक्या बंद केल्या की त्यात सही करायची. मी आठवड्याच्या सगळ्या सह्या सोमवारी सकाळीच उरकतो. पेन हातात असतं, रकाने समोर असतात, मग रोज उठून कशाला तीच उठाठेव? झालं! सोमवारी सकाळी मी मूग धुतले, पेन उघडलं आणि चौदाही रकान्यांत झोकदार सह्या ठोकल्या. त्यानंतर फ्रिजजवळून जाताना मी तक्ता बघायचो. सही दिसायची आणि मन निवांत व्हायचं. (सही माझीच होती. पण सरकारी असो की घरचा, सही झालेल्या कागदावर मी कधी शंका घेत नाही.)

मंगळवारी सकाळी बायकोचा फोन आला. ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं.

"मूग धुतले का?"

मी तक्त्यावर बोट ठेवून वाचलं, "मंगळवार सकाळ, धुतले. मंगळवार संध्याकाळ, धुतले."

"अहो, आत्ता सकाळचे नऊ वाजलेत!"

"म्हणजे... धुतल्यातच जमा."

मग ती फक्त "बरं" म्हणाली. लग्नाला एवढी वर्षं होऊनही त्या "बरं"चा मला उलगडा झाला नाही.

बुधवारी स्वयंपाकघरात वास सुटला. सिंक तुंबलं असणार, असं ठरवून मी प्लंबरला गुरुवारी संध्याकाळी बोलावलं. गुरुवारी सकाळी नाकाला रुमाल लावून, सिंकला शिव्या घालत, मी बरणीतले मूठभर मोड मुकादमाच्या वाटीत घातले आणि ऑफिसला पळालो.

प्लंबरने संध्याकाळी सगळा पाइप सोडवला. "साहेब, इथे काही नाही." मग हुंगत हुंगत तो खिडकीशी गेला आणि दोन पावलं मागे सरला. "हे बरणीत काय मेलंय?"

मी आत बघितलं. मुगांना दाढी आली होती.

पिंजऱ्याकडे धावलो. वाटी रिकामी! मुकादम अंग फुगवून, डोळे अर्धवट मिटून दांडीवर बसला होता. खेकसणं नाही, मान वाकडी करणं नाही. मूग गिळून गप्प बसणं म्हणजे काय, ते मी पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं.

प्लंबर देवमाणूस. म्हणाला, "बसा गाडीवर." मी एका हातात पिंजरा आणि दुसऱ्या हातात पुरावा म्हणून बरणी घेऊन मागे बसलो. वाटेत मला सारखे सासरे दिसत होते. गुडघा बरा करून माणूस हौसेने घरी येणार आणि बोलायला कोणी नाही. मला रडूच यायचं बाकी होतं.

पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मुकादमाला टॉवेलात धरून नीट तपासलं. "आंघोळ कधी घातलीत?"

"नाही घातली."

"पिसं मुळाशी ओली आहेत. फुगून बसलाय तो वाळायला. पालक कधी दिला?"

"पालक नाही, मूग दिले."

"चोच हिरवी आहे, पोट गच्च आहे. पक्षी ठणठणीत आहे. फार छान ठेवलाय. कोण सांभाळतं?"

"मी."

त्यांनी बरणीचं फडकं उचललं आणि लगेच खाली टाकलं. "हे कोणी केलं?"

"मीच."

"दोन्ही एकाच माणसाचं? शक्यच नाही."

घरी आलो तर दारात शेजारच्या काकू. एका हातात आमच्या घराची किल्ली, दुसऱ्या हातात पालकाची जुडी.

"अहो, पिंजरा कुठे नेलात? किती घाबरले मी! गॅलरीतल्या ट्रेमधला पालक आणला होता त्याच्यासाठी. खत नाही, फवारा नाही, अगदी आत्ता कापलाय. रोज दुपारी देते, आज संध्याकाळीही द्यावासा वाटला."

"रोज? आणि आंघोळ?"

"तीही मीच घालते. तुमच्या बायकोनं मंगळवारी फोन करून सगळं सांगितलंय. मी लिहूनच घेतलं, विसरायला नको म्हणून." त्यांनी कमरेची पिशवी उघडून चिठ्ठी माझ्या हातात दिली, आणि मग बहुधा त्यांना काहीतरी आठवलं, कारण त्या ती परत ओढायला लागल्या. पण तोवर मी वाचली होती.

एक: हे ऑफिसला गेले की मगच जाणे. दोन: ताजा पाला, ताजं पाणी, आंघोळ. तीन: ह्यांनी वाटीत काही घातलं असेल, तर ते फेकून वाटी धुणे. चार: ह्यांना कळू देऊ नये. बिचारे फार मन लावून करतायत.