शंभरच्या पुढे तापणारी गाडी

यंदा मेव्हण्याला, ब्योंग-इकला, काहीही विचारायचं नाही, एवढंच सॉक-मुननं ठरवलं होतं. गाडी आपली, बिघाड आपला, निदानही आपणच करायचं. देजॉनच्या तांत्रिक शाळेत सव्वीस वर्षं पोरांना इंजिन शिकवणाऱ्या माणसानं विमा विकणाऱ्या मेव्हण्याचा सल्ला का घ्यावा?

बिघाड मात्र चमत्कारिक होता. गावात गाडी अगदी शहाण्यासारखी वागायची. हायवेला लागून वेगाच्या काट्यानं शंभर ओलांडले, की शेजारचा तापमानाचा काटा लाल रेघेकडे चढू लागे. बाजूला घेऊन उभी करावी, तर थोड्या वेळात पुन्हा थंड. जणू काही झालंच नाही. (अशी माणसंही त्यानं पाहिली होती. त्याचे मुख्याध्यापक तसेच होते.)

कू मिस्त्रीच्या गॅरेजात तो तीनदा गेला.

"सर, गाडी थंडगार आहे," कू म्हणाला.

"इथं थंडच असते! हायवेवर तापते."

"मग हायवेवर नेऊ नका."

सॉक-मुनचं टाळकं सटकलं. त्यानं तिथंच उभ्या उभ्या तास घेतला. उभी असताना तापली तर पंख्याचा दोष, पळताना तापली तर पाणी नीट फिरत नाही. थर्मोस्टॅट बदल! कूनं बदलला. रबरी नळ्या बदल! त्याही बदलल्या. पंप बदल!

"पंप ठणठणीत आहे, सर."

"मला शिकवू नकोस!"

पंपही बदलला. काटा चढायचा तो चढतच राहिला.

एरवी त्यानं ती गाडी मोडीत काढली असती. पण छुसॉकच्या, म्हणजे पितरांच्या, सणाला नामवॉनच्या डोंगरावर जायचं होतं, मी-रानच्या थडग्याला. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. वर्षातून या एका दिवशी सासूबाई त्याच्या शेजारच्या सीटवर बसत, सगळा रस्ता त्याच्या गाडी चालवण्याला नावं ठेवत आणि त्याला 'जावईबापू' म्हणत. तसं म्हणणारं आता दुसरं कोणी उरलं नव्हतं. आणि याच सासूबाईंनी आठवड्यापूर्वी फोनवर बजावलं होतं, "यंदा वाटेत उकळली ना, तर पुढच्या वर्षीपासून मी ब्योंग-इकच्या गाडीतून जाईन. त्याची विजेवर चालते म्हणे. धूर नाही, कटकट नाही."

सणाच्या सकाळी सासूबाई नवा हानबोक, सणाचा घोळदार पोशाख, घालून, मांडीवर सोंगप्योनच्या तांदळाच्या गोळ्यांचा डबा घेऊन पुढे बसल्या. मागे ब्योंग-इक. त्याची बायकोमुलं त्याच्या गाडीनं पुढे गेली होती, आणि हा आईच्या सुरक्षेसाठी मागे राहिला होता. (हे त्यानंच सांगितलं, आणि तेही दोनदा.)

जॉन्जूपर्यंत रस्ता तुंबलेला होता. लोक काचा खाली करून एकमेकांवर खेकसत होते. अख्ख्या देशात त्या गर्दीवर खूश असलेला माणूस एकच होता. पण जॉन्जू मागे पडलं आणि रस्ता मोकळा झाला. सॉक-मुननं ऐंशी सोडली नाही.

"भाऊजी, बैल दमलेत का?" मागून आवाज आला.

"वेगमर्यादा पाळतोय."

"जावईबापू," सासूबाई बाहेर बघत म्हणाल्या, "तो कोबीचा टेम्पो आपल्या पुढे गेला."

मग मात्र सॉक-मुनच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं पाय दाबला. शंभर. एकशे दहा. कोबी मागे पडला. काटा चढू लागला. त्यानं गुपचूप हीटर पूर्ण सोडला. (इंजिनातली थोडी उष्णता तरी तेवढीच आत ओढली जाते. हे शास्त्रीय आहे.)

"सप्टेंबर चाललाय ना?" सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हाला सर्दी होईल म्हणून, आई."

"सर्दी? माझी पावडर गळ्यापर्यंत आली! डब्यातले गोळे पुन्हा शिजायला लागलेत!"

"आई, भाऊजींचं शास्त्र आहे ते," ब्योंग-इक घाम पुसत म्हणाला. "आपण शिजलो की इंजिन वाचतं."

"तू गप्प बस!" सॉक-मुन ओरडला, आणि तेवढ्यात बॉनेटमधून वाफ निघाली.

पुढच्या थांब्यावर गाडी कशीबशी पोचली. सॉक-मुन खाली उतरला, त्यानं दार आपटलं, टायरला लाथ घातली, अंगठा दुखावून घेतला आणि कू मिस्त्रीचा, पंप बनवणाऱ्यांचा आणि समस्त कोबी-उत्पादकांचा उद्धार केला. शेजारच्या गाडीतल्या लोकांनी अक्रोडाची बिस्किटं खाता खाता काचा वर केल्या.

ब्योंग-इक मात्र चांगल्या पँटची पर्वा न करता गाडीपुढे गुडघ्यांवर बसला होता आणि बंपरखालून वर डोकावत होता.

"भाऊजी, इथून कोणीतरी माझ्याकडे बघतंय."

"काय?"

"डोळा आहे. एकच. वाळलेला."

सॉक-मुनही वाकला. पुढच्या जाळीच्या आणि रेडिएटरच्या मधे, पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेला एक सुका मासा लटकत होता. त्याला गुंडाळलेलं कापड सुटून खाली लोंबत होतं. गाडी उभी असली की ते असं खाली पडे, आणि शंभरच्या पुढे वारा त्याला असा काही रेडिएटरवर चिकटवी, की हवेची झुळूकसुद्धा आत जाऊ नये.

त्यानं तिथूनच कूला फोन लावला. "मासा दिसला नाही तुला? तीनदा गाडी उघडलीस!"

"दिसला की. पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीस?"

"सर, गाडीचं रक्षण करायला बांधलेला मासा. दुसऱ्याच्या माशाला हात कोण लावणार? उलट कापड सुटलं होतं ते दर वेळी पुन्हा नीट गुंडाळलं मी. सणाच्या शुभेच्छा, सर."

आता शिव्या घालायच्या तर कुणाला, हे सॉक-मुनला कळेना.

"माझाच मासा आहे हा," सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. "मार्चमध्ये जुनी गाडी घेतलीस तेव्हा पाठवला होता. डिकीत ठेव म्हटलं होतं. तिथं कोणी बांधला?"

कूचं नाव जिभेवर आलं होतं. सॉक-मुननं ते गिळलं.

"मी. डिकीत वास सुटेल असं वाटलं. टाकून देववेना. म्हटलं, पुढे वाऱ्यावर राहील."

"रेडिएटरसमोर?"

"हो."

"आणि मुलांना काय शिकवतोस तू?"

त्यानं दोरा सोडवला. मासा डिकीत गेला, पाणी भरलं, आणि गाडी एकशे दहाला गुणगुणत निघाली. काटा मधोमध. सासूबाई नामवॉनपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. रस्त्याबद्दल नाही, ब्रेकबद्दल नाही. असं कधी झालं नव्हतं.

"आई, पुढच्या वर्षी माझ्या गाडीत पुढे बसशील की मागे?" ब्योंग-इकनं विचारलं. त्यांनी मांडीवरचा डबा घट्ट धरला.

डोंगरावर सॉक-मुननं थडग्यासमोर दारूचा पेला भरून ठेवला आणि कडेचं गवत उपटू लागला. सासूबाई थडग्याच्या उंचवट्याला टेकून बसल्या.

"मी-रान, ऐक. तुझ्या नवऱ्यानं मासा रेडिएटरला बांधला. हो, तोच, इंजिन शिकवणारा. मग इंजिन थंड ठेवायला मला उकडलं. ब्योंग-इक म्हणतो, पुढच्या वर्षी त्याच्या गाडीतून ये. यायचं होतं गं मला. पण जमायचं नाही. जाणतं माणूस शेजारी असल्याशिवाय याला रस्त्यावर सोडणं बरं नव्हे. लोकांना लेकरंबाळं असतात."

सॉक-मुननं उपटलेलं गवत हातात तसंच धरून ठेवलं. तो म्हणाला, "आई, मी इथंच आहे."

"दिसतंय, जावईबापू. म्हणून तर थोडक्यात सांगतेय. बाकीचं तू खाली गेल्यावर."