सुगरणीने विणलेलं कुरण

एका जंगलात, म्हणजे तुमची सहल नेतात त्या नव्हे, खऱ्या जंगलात, एक मोठं कुरण होतं. तिथे हरणं चरायची आणि हरणांवर वाघोबा राज्य करायचे. कसं करायचे ते विचारू नका, तुमची जेवायची वेळ झाली आहे.

एकदा ठिपकी नावाची हरणी दरबारात आली. तिचं पाडस तिला चिकटून उभं होतं.

"महाराज, कुरणातलं गवत कमी होतंय," ती म्हणाली. "मलाच पोटभर मिळत नाही, मग याला दूध कुठून येणार? आम्हाला नदीपलीकडे जाऊ द्या."

नदीपलीकडे वाघोबांचं राज्य नव्हतं. ते मिशीवर पंजा फिरवत बसले.

"गवत कमी झालं कशावरून?" प्रधान कोल्होबांनी विचारलं. "नकाशा आहे का? नुसतं खपाटीला गेलेलं पोट दाखवून चालत नाही, बाई."

नकाशा नव्हता. मग ठरलं, दर पौर्णिमेला कुरणाचा नवा नकाशा करायचा, जुन्याशेजारी टांगायचा आणि गवत घटतं की वाढतं ते बघायचं. काम सुगरणीला मिळालं. आता तिला चित्र काढता येत नव्हतं, विणता येत होतं. आणि सुगरण विणते कशाचं? शाबास.

तिने कुरणातली लांब, कोवळी पाती ओढली आणि सुरेख नकाशा विणला.

"छान आहे," वाघोबा म्हणाले, "पण जरा लहान वाटतो."

पुढचा मोठा झाला. त्यात गवत घटलेलं दिसलं.

"बाईच्या म्हणण्यात तथ्य आहे," कोल्होबा गंभीरपणे म्हणाले. "आता आणखी मोठा, आणखी बारकाव्यांचा नकाशा हवा."

असं चालत राहिलं. ठिपकी दर वेळी विचारायची, "जाऊ का पलीकडे?" कोल्होबा दर वेळी म्हणायचे, "अभ्यास चालू आहे."

शेवटचा नकाशा दरबारभर पसरला, तेव्हा कुरणात काडी उरली नव्हती. पाडसाला उभं राहवत नव्हतं. मला हा भाग सांगायला आवडत नाही, पण तसं झालं खरं.

"बघ ठिपके, किती अचूक आहे," वाघोबा कौतुकाने म्हणाले.

ठिपकीने वास घेतला आणि नकाशाचा उत्तरेकडचा कोपरा खायला लागली. मागोमाग सगळा कळप आला.

"अगं, काय करतेस हे?" कोल्होबांनी विचारलं.

"चरते आहे," ठिपकी भरल्या तोंडाने म्हणाली. "नकाशात इथेच गवत दाखवलंय."

जुने नकाशेही वाळल्या वैरणीसारखे संपले. पाडसाला दूध मिळालं. वाघोबा चौकशी समिती नेमत होते, तोवर कळप नदी ओलांडून गेला.

"महाराज, हरणं घटलेली दिसतात," कोल्होबा म्हणाले. "नकाशा करायला हवा."

"कशाचा विणू?" सुगरणीने विचारलं.

वाघोबा उपाशी होते. त्यांनी प्रधानांकडे नीट पाहिलं.

तात्पर्य: अभ्यासाने पोट भरत नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. अभ्यास पुरेसा लांबवला, तर अख्ख्या कळपाचं भरतं.