पडद्याची मापे आणि अकबरबींचे गाल

माणसाची ओळख पटवण्याचे काम माणसावर सोडू नये, हे सुव्यवस्थित राज्यकारभाराचे पहिले लक्षण होय. बदनापुरातल्या एका कार्यालयाने (कोणत्या, हे तेथील कर्मचाऱ्यांनाही दारावरची पाटी वाचूनच सांगावे लागते) नवा संगणक आणून हे लक्षण सिद्ध केले. त्याच्या लांबरुंद पडद्याची मापे संगणकाने आपण होऊन ठरवली, आणि ठरवताना प्रत्येक आकृती आडवी ताणली. गोल शिक्का अंडाकृती झाला. निवृत्तिवेतनधारकांचे चेहरे भाकरीसारखे पसरले. यंत्राने ठरवलेल्या मापांत कोणाचाही विचार नसतो, म्हणूनच ती निःपक्षपाती असतात, असे लिपिक सर्जेरावांचे ठाम मत होते.

हयातीच्या दाखल्यासाठी आलेल्या माणसाचा चेहरा पडद्यावरच्या छायाचित्राशी जुळवणे, हे सर्जेरावांचे काम. पहिल्या आठवड्यात दहांतले नऊ जण जुळेनात. जुळलेल्यांत उषाबाई नावाच्या अर्जदारबाईंची धष्टपुष्ट जाऊ होती. ती केवळ सोबतीला आली होती, पण उषाबाई म्हणून पहिल्याच नजरेत मंजूर झाली. (उषाबाई स्वतः अद्याप विचाराधीन आहेत.)

अकबरबींचे मात्र अडले. नवऱ्यामागे मिळणारे निवृत्तिवेतन दाखल्यावाचून थांबले होते, आणि त्या तर काडीसारख्या.

"साहेब, मीच हाय ना. बिलकुल मीच!"

"असाल, चाची. पण पडद्यावरची ही बाई बघा, कशी खात्यापित्या घरची दिसून राह्यली."

"मंग तिला पगार देऊन राह्यले का? माझा तं बंद हाय!"

सर्जेराव निर्दय नव्हते. त्यांनी संगणकाच्या सेटिंगमध्ये शिरून मापे बदलली. पडदा क्षणभर काळा झाला, आणि अकबरबी जशा होत्या तशा त्यावर प्रकटल्या. त्यांच्या हनुवटीखाली एक चौकट उमटली: हे बदल कायम ठेवायचे का? पंधरा सेकंदांत उत्तर न आल्यास जुनी मापे परत येतील.

"दाबा ना भाऊ, जल्दी!"

"दाबायला काय, चाची? पण मंजूर केलेले सगळे खोटे पडतील, अन् परत धाडलेले खरे. अन् सही कोणाची? माझी!"

त्यांनी साहेबांना फोन लावला. साहेब जालन्याला बैठकीत होते. चौकटीतले आकडे उतरत गेले. सर्जेरावांचे बोट माउसच्या वर, हवेत, संपूर्ण जबाबदारीने थांबून राहिले. पंधरा सेकंदांत निर्णय घेण्याची या कार्यालयात प्रथा नव्हती. पडदा पुन्हा रुंद झाला.

"बघा," सर्जेराव सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाले, "यंत्रालाच पटलं न्हाई."

पडद्याची मापे बदलत नाहीत, हे अशा रीतीने सिद्ध झाल्यावर उरले अर्जदार. त्यांची मापे बदलण्यास कोणताही नियम आड येत नव्हता. रांगेतून उषाबाईंनी एक मोसंबी पुढे केली. अकबरबी बाहेर गेल्या आणि दोन्ही गालांत फोडी भरून परतल्या. सर्जेरावांनी एकवार पडद्याकडे, एकवार त्यांच्याकडे पाहिले.

"नाव?"

तोंड उघडणे शक्य नव्हते. अकबरबींनी पडद्यावरच्या बाईकडे बोट दाखवले.

"आता कसं, चाची! बराबर जुळलं," म्हणत सर्जेरावांनी सही ठोकली.

ज्या वाचकांना हे हास्यास्पद वाटत असेल, त्यांनी आपल्या पाकिटातले ओळखपत्र काढून पाहावे. खिडकीपलीकडच्या माणसाने ते हातात घेऊन नजर वर उचलली, तेव्हा आपण हसू गिळून, मान ताठ करून, डोळे तसेच विस्फारून त्या छायाचित्रासारखे दिसू लागलो होतो की नाही, हेही प्रामाणिकपणे आठवावे. अकबरबींनी निदान दाराबाहेर येताच फोडी चावून टाकल्या.