पंकवाल्यांचे बिरूमामा

बिरूमामांच्या गाडीत पाय ठेवला की ते तुमचं नाव विचारत नाहीत. "उलटी हुती का?" असं विचारतात. नवरी असो, सरपंच असो, सगळ्यांना हाच प्रश्न. 'हो' म्हणणाऱ्याला पुढची खिडकी आणि आवळासुपारी. 'नाही' म्हणून नंतर ओकणाऱ्याला मामा जन्मभर माफ करत नाहीत. "घाटात कुनाचं खोटं टिकत न्हाई," म्हणतात.

मामा आमचे शेजारी. मूळचे म्हसवडकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. आता कुपवाडात राहून टेम्पो ट्रॅव्हलर चालवतात. वऱ्हाडं आणि देवदर्शनं, हा त्यांचा धंदा. त्यात गेल्या हिवाळ्यात पुण्याची एक कॅमेरावाली पोरगी गाडी ठरवायला आली. तिला पंक बँडच्या दौऱ्यावर माहितीपट करायचा होता. सातारा, सांगली, बेळगाव, गोवा. बँड दोन, गाडी एक.

पंक म्हणजे काय, हे आम्हाला मामांनीच शिकवलं. "घरात कोन आयकून घेत न्हाई म्हनून भाईर येऊन गिटारी बडवत सरकारच्या नावानं वरडत्यात रं. पोरं लय गुणी!" या गुणी पोरांत कुणाच्या डोक्यावर हिरवा तुरा, कुणाच्या नाकात कडी. मामांनी त्यांनाही उलटीचं विचारलं. सगळ्यात दांडगा ड्रमवाला मान खाली घालून म्हणाला, "होते."

वऱ्हाडाची सवय जाते कुठं! निघताना मामांनी चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि त्या देवधर्म न मानणाऱ्या पोरांना खोबरं वाटलं. पोरांनी निमूट खाल्लं. गायकाचा घसा बसला तर मामा ढाब्यावर स्वतः हळद-दूध उकळायला उभे राहिले. कार्यक्रम संपला की मेंढरं हाकावीत तसं "हुर्र, चला रं जेवायला!" म्हणत सगळ्यांना गाडीत घालायचे. "उपाशी पोटी सरकारला शिव्या दिऊ नयेत," म्हणायचे, "जोर येत न्हाई."

माहितीपट तयार झाला. सांगलीत दाखवणार असं कळल्यावर मामांनी अख्ख्या गल्लीला आवतण दिलं. फक्त शेवंतामामींना सोडून. सख्ख्या बायकोला!

"तुजं डोकं दुखंल. इंग्रजी हाय समदं. खुर्च्या टोचत्यात," मामांच्या सबबी संपेनात.

मामी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या. "सगळा मुलूख फिरवला ह्येंनी. माझीच लाज वाटती व्हय?"

माझं डोकंच फिरलं. मी मामांना गाठलं. "मामा, त्या पोरांबरोबर ढोसलीबिसली नाही ना?"

"छ्या!" मामा इकडंतिकडं बघत म्हणाले, "त्या पोरीनं च्या पाजून बोलतं केलं मला. हिनं ते आयकलं तर माजं एक सुख जाईल गड्या. लय जपलंय."

एवढं बोलून मामा गाडी पुसायला गेले. मी मनाशी म्हटलं, जाऊ दे सुख खड्ड्यात, बाईमाणूस रडतंय! मामा गल्लीला घेऊन पुढं गेले, आणि मागून मी मामींना स्कूटरवर घालून हॉलवर नेलं. आम्हाला बघून मामांचा चेहरा पडला. ते पुढच्या रांगेत जाऊन बसले.

पडद्यावर आधी नुसता दणदणाट. मग बेळगावच्या रस्त्यावरची एक चहाची टपरी दिसली. मामा फडक्यानं गाडीची काच पुसत होते. पोरीनं विचारलं, "मामा, तुम्हाला कुठलं गाणं आवडतं?"

"आमची ही गाती. भाकरी थापताना. मेंढरांमागची जुनी गानी," पडद्यावरचे मामा म्हणाले. "पर मी आत गेलो की लाजती, गप हुती. म्हनून मी गाडी लांब लावतो, चप्पल हातात घेतो आनि दाराभाईर हुबा ऱ्हातो. गानं सपलं की खाकरतो."

"मग त्यांना सांगत का नाही?"

"खुळी का काय? सांगितलं तर बंद करंल की!"

हॉल हसला. मामांनी मान इतकी खाली घातली की नुसती टोपी दिसत होती. आणि अंधारात माझ्या शेजारून मामींचा खणखणीत आवाज आला, "आवं, एवडी वर्सं उनापावसात हुबं ऱ्हायलासा? आत यायचं की!"

आता कुणी हसलं नाही.

परतताना मी स्कूटर हॉलवरच ठेवून गाडीत चढलो. मामी मामांच्या शेजारी बसल्या. मग पदर तोंडावर धरून, खिडकीकडं बघत, मामींनी हळूच एक गाणं धरलं. तेवढ्यात कुपवाडचं वळण आलं. मामांनी गाडी वळवलीच नाही, सरळ मिरजेकडं घेतली. मागं अख्खी गल्ली बसलेली, पण एकानंही विचारलं नाही, मामा, कुठं निघालात म्हणून.