सात शिक्क्यांचं गाणं

इनागाकी साहेबांच्या निरोप समारंभात कोण कोणतं गाणं म्हणणार, हे विचारणारा कागद सोमवारी सकाळी विभागात फिरायला निघाला आणि दुपारी मोरिवाकीच्या टेबलावर परत आला. सहा जणांनी आपापल्या नावापुढे एकच उत्तर लिहिलं होतं: 'काहीही चालेल.' साहेबांची जागा कोरी होती.

मोरिवाकीने कागदाकडे पाहिलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. हामामात्सुच्या या तोट्या बनवणाऱ्या कंपनीत गेली एकोणीस वर्षं प्रत्येक समारंभ त्याच्याच गळ्यात पडत आला होता. दमणं हा आता त्याचा स्वभाव राहिला नव्हता, हुद्दा झाला होता.

चहाच्या यंत्रापाशी इनागाकी साहेबांनी त्याला गाठलं. आधी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"मोरिवाकी, एक खाजगी काम होतं. शनिवारी मला रॉक म्हणायचंय."

"काय म्हणायचंय?"

"रॉक. हळू बोल. अडतीस वर्षं 'नावाड्याचा निरोप' म्हणतोय मी. का, तर जुन्या मालकांना आवडायचं. ते जाऊन अकरा वर्षं झाली, पण लोकांना वाटतं ते माझंच गाणं! अरे, मला बोट लागते!"

"मग कोणतं म्हणणार?"

साहेब लाजले. "'तुटली तर तुटू दे'. सहा महिने दर बुधवारी कराओकेच्या खोलीत एकटा जाऊन घोटलंय. जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, माणसांसमोर म्हणायचंय. पण मी सांगितलंय असं कुणाला कळू देऊ नकोस. म्हातारा बिघडला म्हणतील."

मोरिवाकीला फार वाईट वाटलं, म्हणून तो हो म्हणाला. त्याच्या आयुष्यातल्या बहुतेक कटकटी अशाच सुरू झाल्या होत्या.

एकट्या साहेबांपुढे रॉक लिहिलं तर लगेच डोळ्यांवर येणार. तेव्हा सगळ्यांनाच रॉक द्यायचं, असं त्याने ठरवलं आणि मंगळवारचा अख्खा दिवस लोकप्रिय रॉक गाणी निवडण्यात घालवला. विभागातल्या नेगिशींची कवळी नवी, त्यांना किंचाळायचं गाणं देता येईना. एका फर्मास गाण्याचं पालुपद 'उद्यापासून येत नाही जा' असं होतं. निरोप समारंभाला ते बरं दिसेना. दुसऱ्यात सुरुवातीलाच दीड मिनिट नुसती गिटार, तेवढा वेळ माणसाने हात कुठे ठेवायचे? संध्याकाळपर्यंत त्याच्या कानात ढोल वाजायला लागले, पण यादी झाली. साहेबांपुढे 'तुटली तर तुटू दे' लिहून त्याने कागद सगळ्यांच्या सहीच्या शिक्क्यांसाठी पाठवला.

गुरुवारी कागद परत आला. सातही शिक्के उमटलेले होते. हाताखालच्यांचे शिक्के रीतीप्रमाणे साहेबांच्या शिक्क्याकडे किंचित कललेले, कमरेत वाकून नमस्कार केल्यासारखे. फक्त साहेबांच्या गाण्यावर दोन सरळ रेघा मारलेल्या होत्या, वर 'नावाड्याचा निरोप' लिहिलं होतं आणि रेघांवर तोट्या तपासणाऱ्या त्सुकुदा मॅडमचा दुरुस्तीचा छोटा शिक्का होता.

"मॅडम, हे..."

"अहो मोरिवाकी, तुमची नजर चुकली होती," त्सुकुदा मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या. "साहेबांपुढे भलतंच गाणं पडलं होतं. मी सावरून घेतलंय. आभार नका मानू."

मोरिवाकीने आभार मानले. मग तो थेट साहेबांकडे गेला.

"साहेब, तुमचं गाणं खोडलंय! आणि त्याच्या शेजारी तुमचा शिक्का कसा?"

"वाचलं मी," साहेब खाली मान घालून म्हणाले. "पण सहा शिक्के होते रे त्यावर. सहा शिक्क्यांचा कागद मी आजवर परत पाठवलेला नाही."

"तुमचंच गाणं होतं ना?"

"म्हणूनच तर. स्वतःच्या फायद्यासाठी परत कसा पाठवू?"

शेवटी मोरिवाकीने स्वतःच्या नावापुढचं गाणं खोडलं, तिथे 'तुटली तर तुटू दे' लिहिलं आणि आपला शिक्का मारला. बेत असा ठरला की तो गाणं सुरू करेल, दुसऱ्या ओळीला त्याला ठसका लागेल आणि तो माइक साहेबांपुढे धरेल.

"मी दोनदा नको म्हणेन," साहेबांनी बजावलं. "पहिल्यांदा विचारल्यावर घेणं बरं दिसत नाही. तिसऱ्यांदा घेईन. तू सोडू नकोस हं."

शनिवारी दुपारी एकला सातही जण कराओकेच्या खोलीत दाटीवाटीने बसले. साहेबांनी 'नावाड्याचा निरोप' म्हटलं. नेगिशी रडले. साहेबही रडले, अर्थात त्यांचं कारण वेगळं होतं. मग बाकीच्यांनी आपापली मंजूर गाणी कागद भरावा तशी उरकली आणि अडीचच्या सुमाराला मोरिवाकीचा नंबर आला. पहिली ओळ त्याने कशीबशी म्हटली. दुसऱ्या ओळीला लागलेला ठसका मात्र खरा होता, कारण नंबर आला तेव्हा घाईत गिळलेला बटाटा घशात अडकला होता.

"साहेब, तुम्ही घ्या!" त्याने माइक पुढे केला.

"छे छे, मला कुठे येतंय."

"घ्या हो साहेब!"

"नको नको, माझं वय आहे का हे."

मोरिवाकी तिसऱ्यांदा तोंड उघडणार, इतक्यात त्सुकुदा मॅडम उठल्या. "अहो, किती छळाल साहेबांना? आणा इकडे!" म्हणत त्यांनी माइक हिसकावला आणि गायला लागल्या.

खोलीतले सगळे गार पडले. वीस वर्षं तोट्यांची गळती शोधणाऱ्या, कधी आवाज न चढवणाऱ्या त्सुकुदा मॅडम पाय फाकवून, डोळे मिटून गर्जत होत्या. एक शब्द चुकला नाही. गाणं संपल्यावर पडद्यावर गुण आले, सत्त्याण्णव. नेगिशींनी टाळ्यांच्या भरात कवळी सावरली.

"मॅडम, तुम्हाला हे गाणं येतं?" साहेबांनी विचारलं.

"दर शुक्रवारी एकटी येऊन म्हणते." मॅडमचे कान लाल झाले होते. "माझं फार लाडकं आहे. म्हणून तर तुमच्या नावावरून खोडलं. माफ करा साहेब, पण ते कुणीतरी नावाड्यासारखं म्हणेल हे मला सोसलं नसतं."

भिंतीवरचा फोन वाजला. खोलीच्या वेळेतली दहा मिनिटं उरली होती, आणि पुढची मंडळी बाहेर उभी होती. मोरिवाकीने साहेबांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत होते आणि त्यांचे ओठ अजून हलत होते. मोरिवाकीला राहवलं नाही.

"साहेब, हे गाणं तुमचं होतं. आता म्हणून टाका." आणि लगेच सवयीने खिशातला कागद काढला. "म्हणजे, यादीत दुरुस्ती करावी लागेल. तुमचा शिक्का..."

साहेबांनी खिसा चाचपला. "शिक्का काल ऑफिसात जमा केला मी."

मोरिवाकीच्या हातात कागद तसाच उघडा राहिला.

"शिक्काच नाही," साहेब सावकाश म्हणाले, "मग मी विचारायचं कुणाला?"

त्यांनी स्वतः बटण दाबलं. आवाज फाटका होता, वरच्या पट्टीत तर अगदी चिंध्या झाल्या, पण पडद्यावरच्या शब्दांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. दुसऱ्या कडव्याला त्सुकुदा मॅडमनी दुसरा माइक उचलला. गुण एकसष्ट आले. साहेब इतके खूश झाले की त्यांनी यंत्राला वाकून नमस्कार केला. मोरिवाकी एका कोपऱ्यात गार झालेले बटाटे खात बसला होता. त्याला खूप बरं वाटत होतं, आणि थोडा हेवाही वाटत होता.

सोमवारी सकाळी त्याच्या टेबलावर एक कागद येऊन पडला. नव्या विभागप्रमुख त्सुकुदा मॅडमचा होता. दर बुधवारी काम सुटल्यावर रॉकचा सराव, इनागाकी बाहेरून येतील, प्रत्येकाने फक्त स्वतःच्या आवडीचं गाणं लिहावं, खाडाखोड होणार नाही. मोरिवाकीचं नाव पहिलंच होतं.

त्याने पेन उघडलं आणि आपल्याला कोणतं गाणं आवडतं याचा विचार केला. नेगिशींना कोणतं झेपेल ते आठवलं. साहेबांचं आठवलं, मॅडमचं आठवलं, अगदी जुन्या मालकांचंही आठवलं. जेवणाची सुट्टी झाली तरी पेन हातातच होतं.

मग त्याने 'काहीही चालेल' असं लिहिलं आणि शिक्का मारला, मॅडमच्या शिक्क्याकडे किंचित कललेला.