तिसऱ्या अंकात पडणार

सिंगापुरातल्या बिशानच्या आमच्या ब्लॉकची लिफ्ट बंद पडली की दातारकाका खूश होतात. "फार मिजास होती तिला. तिसऱ्या अंकात पडणारच!"

काका बँकेतून निवृत्त झालेले, आणि ग्रीक शोकनाटकांचे भक्त. आधी माणसाला गर्व चढतो, मग तो आपटतो, एवढ्या एका सूत्रात ते सगळं जग बसवतात. नवऱ्याला बढती मिळाली म्हणून मी पेढे घेऊन गेले, तर पेढा तोंडात टाकत म्हणाले, "मृणाल, जप. हा त्याचा दुसरा अंक." आता काय बोलावं या माणसाला!

गेल्या गणपतीत मंडळासाठी त्यांनी स्वतःच तीन अंकी ग्रीक नाटक लिहिलं. गर्विष्ठ राजा अर्थात तेच. कोरस म्हणजे आम्ही तिघी, अंगावर पांढऱ्या चादरी. हॉलमधल्या एसीच्या गारठ्यात त्यांचा तेवढाच उपयोग झाला.

पूर्वी काकांच्या प्रत्येक नाटकाला प्रॉम्प्टिंग सुमनकाकू करायच्या. त्या गेल्यानंतरचं हे पहिलंच नाटक. मी म्हटलं, "काका, अडलात तर मी कोरसमधून हळूच सांगेन." केवढ्याने भडकले! "मला प्रॉम्प्टर? एक शब्द चुकलो तर पुन्हा स्टेजवर पाऊल ठेवणार नाही." वर हेच मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकलं. शिवाय डाव्या विंगेत एक रिकामं स्टूल ठेवायला लावलं, त्यावर कुणी बसायचं नाही. राजेसाहेबांचा थाट म्हणून आम्ही चादरीआड हसलो.

आणि काका तिसऱ्या अंकातच अडकले. शब्द येईना. त्यांनी डावीकडे, त्या स्टुलाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग अगदी घरातल्या आवाजात म्हणाले, "सुमन, पुढे काय गं?"

लोकांना वाटलं, राजाने राणीला हाक मारली. टाळ्या पडल्या. मी शेजारीच उभी होते. पुढचं वाक्य मला पाठ होतं, पण त्यांनी ते मला विचारलंच नव्हतं. शेवटी कुणीतरी पडदा पाडला.

नंतर कितीतरी महिने काकांनी नाटकाचं नाव काढलं नाही. लिफ्ट बंद पडली तरी गप्प. परवा बेल वाजली, तर दारात काका, काखेत नव्या नाटकाचे कागद.

"पडलो ना मी," म्हणाले.

"पडलात. या, चहा घ्या."

चहा निम्मा झाल्यावर त्यांनी विचारलं, "यंदा विंगेतून तू सांगशील का शब्द?"

"सांगेन की!"

"उभं राहावं लागेल हं. स्टूल तसंच असू दे."